भातकापणीनंतरची नांगरट
भात कापलं की खाचरात वाफसा (माती ओलसर, पण चिकट नाही) असतानाच नांगर घाला. मूठभर माती दाबून बघा: गोळा बोटाच्या धक्क्याने फुटला तर वेळ बरोबर. हाताला चिकटली तर थांबा, नाहीतर ढेकळं दगडासारखी वाळतात. खोली १५ सेंमी पुरे. त्याखालचा घट्ट थर फोडलात तर पावसाळ्यात खाचरात पाणी ठरणार नाही.

लव्हाळा या तणाच्या जमिनीतल्या गाठी उन्हात वर पडू द्या, म्हणजे वाळतील. हरळी (पसरणारं गवत) असेल तिथे आधी रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती कापणारं अवजार) मुळीच नको, तिचा डोळा (कोंब) असलेला प्रत्येक तुकडा पुन्हा फुटतो. नांगराने उपटलेल्या काड्या वेचून बांधाबाहेर सुकवा.

पावसात चिखलणी (पाण्यात माती घोळवून चिखल करणं) दोनदा, मधे ८-१० दिवस सोडून. तेवढ्यात उगवलेलं तण दुसऱ्या खेपेला गाडलं जातं.