गोट्यांचं मशीन बनवायचंय? मग उंची जपून वापरा

न्यूयॉर्कच्या पोर्ट अथॉरिटी बस टर्मिनलमध्ये अमेरिकन शिल्पकार जॉर्ज ऱ्होड्सने 1983 साली बसवलेल्या गोट्यांच्या मशीनचे व्हिडिओ शोधून बघा एकदा. लपवलेलं काहीच नाही त्यात, गोटी वर जाते, घरंगळते, कुठे टण् करून वाजते आणि आपण उगाच त्यातली एकच गोटी नजरेत धरून ती कुठे जातेय बघत बसतो. स्वीडिश संगीतकार मार्टिन मोलिनचं 2016 चं दोन हजार गोट्यांचं गाणं वाजवणारं मशीन पण भारीय, पण सुरुवात तिथून नको, हातपाय गळतील.

गोटी घरंगळते ती दोन समांतर तारांच्या रुळांवरून. या तारेसाठी गॅस वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात जा, तिथे तांब्याचा मुलामा दिलेले लोखंडी रॉड मिळतात. अडीच मिमीचे घ्या, सरळच असतात आणि तांब्यामुळे डाख पटकन धरतो. गोटी म्हणून बेअरिंगचा 16 मिमीचा छर्रा बेस्ट. काचेच्या गोट्या दिसतात छान पण सगळ्या सारख्या गोल नसतात, एक रेंगाळते तर दुसरी उडी मारते.

दोन तारांमध्ये 9 मिमी अंतर ठेवा आणि खालून यू आकाराचे तुकडे जोडत जा, म्हणजे गोटीचं पोट कुठे घासत नाही. आता यातली गंमत अशी की अंतर थोडं वाढवलं की गोटी तारांमध्ये खोल बसते, जास्त गरगरते पण पुढे मात्र हळू सरकते, म्हणजे उतार न बदलताही वेग कमी करता येतो. डाख लावताना शेजारचा सांधा सुटतो, त्यावर ओल्या फडक्याची घडी ठेवा, आणि खिडकी उघडी ठेवा प्लीज.

उतार 10 सेंमीला 5 मिमीपासून सुरू करा, वळणावर बाहेरची तार जरा उचला. सगळ्यांना आधी लूपच, म्हणजे गोटी उलटी होऊन फिरते तो उभा गोल, हवा असतो! 10 सेंमी व्यासाच्या लूपला गोटी त्याच्या तळापासून 18-20 सेंमी वरून सोडावी लागते, म्हणजे टेबलावरच्या मशीनची निम्मी उंची एका सेकंदात संपली, म्हणून मी तरी लूप टाळतो. त्यापेक्षा मधोमध तोललेली डोलणारी पट्टी लावा, एक गोटी डावीकडे, पुढची उजवीकडे. किंवा छोटी वाटी, चार गोट्या साठेपर्यंत काहीच होत नाही आणि पाचवी आली की धाडकन ओतते. बघणारा माणूस खिळतो तो या थांबण्यामुळेच, वेगामुळे नाही.

आवाजासाठी अॅल्युमिनियमची पट्टी घ्या. दोन्ही टोकांपासून लांबीच्या साधारण 22 टक्के आत दोऱ्यावर टेकवा, तिथे पट्टी थरथरत नाही म्हणून नाद दबत नाही. स्क्रूने घट्ट आवळलीत तर नुसतं ठक्क.

गोट्या वर न्यायला रहाटासारखं चाक पुरतं, 12 व्होल्टची गिअर मोटर, मिनिटाला दहाएक फेरे. आधी एकच गोटी भरपूर वेळा फिरवा, मग सगळ्या सोडा कारण दोन एकमेकींना धडकल्या की नवीनच घोळ निघतात. खाली काठ असलेला ट्रे हवाच, आणि घरात रांगतं बाळ असेल तर सगळं उंच फळीवर, गोटी घशात अडकू शकते.