लॅकरची चाचणी तबकडी: ओळखायची कशी, आणायची कशी, जपायची कशी

छत्रपती संभाजीनगरचं शहागंज असो की नांदेड-परभणीतलं एखादं भंगाराचं दुकान, जुन्या रेकॉर्डच्या ढिगात हाताला लागतात त्या बहुतेक लाखेच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या छापील तबकड्या. एकेकाळी लग्नात स्पीकर लावणाऱ्यांकडेही त्याच असत. चाचणी तबकडी तिथे क्वचितच मिळते, कारण ती विक्रीसाठी नव्हतीच. छपाईआधी आवाज कसा आलाय हे ऐकायला एक-दोन प्रती कापायच्या. एक कंपनीत राहायची, एखादी गायकाच्या घरी जायची. म्हणून शोध घ्यायचा तो गायकाच्या नातेवाइकांकडे, साथीच्या पेटीवाल्याकडे, तबलजीकडे, जुन्या नाटक कंपनीतल्या माणसांच्या वाड्यांत. ट्रंकेच्या तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली एकच तबकडी असेल तर ती आधी बघा.

हिला ॲसिटेट म्हणतात, पण वरचा थर असतो नायट्रोसेल्युलोजच्या लॅकरचा आणि आत पत्रा, बहुधा ॲल्युमिनियमचा. ओळख पटते ती मधल्या भोकापाशी. तबकडी कडेने धरून उजेडात तिरपी करा आणि भोकाच्या कडेला बघा: काळ्या थराखाली चंदेरी धातू चमकला तर लॅकर. लाखेची तबकडी आरपार एकसारखी काळपट असते. मधल्या भोकाशेजारी, कधी लेबलखाली दडलेली, एक किंवा तीन जादा भोकं असतात. कापताना तबकडी घसरू नये म्हणून ती ठेवलेली असतात. लेबल हाताने किंवा टाइपरायटरवर लिहिलेलं, बऱ्याचदा एकच बाजू कापलेली. दुसऱ्या महायुद्धात ॲल्युमिनियमची टंचाई झाली तेव्हा आत काच घालत. भोकात धातू न दिसता काचेची कड दिसली तर दोन्ही हातांनी धरा, ती जरा आपटली तरी तडकते. नखाने खरवडून किंवा काडी लावून परीक्षा करू नका: थर मऊ असतो आणि झटकन पेटतो.

इथे मराठवाड्यात हैदराबाद संस्थानचा कारभार उर्दूतून चालायचा, त्यामुळे हाताने लिहिलेलं लेबल उर्दूत असू शकतं. ते पुसू नका, ओलं करू नका. फोटो काढा आणि वाचणाऱ्या जाणत्या माणसाला दाखवा. तारीख, रागाचं नाव, कितवा प्रयत्न, सगळं त्या दोन ओळींत असतं.

फसगत होते ती काळात. लॅकरच्या तबकड्या बाजारात आल्या १९३४ च्या सुमारास. त्याआधी ध्वनिमुद्रण मेणावर व्हायचं. तेव्हा बालगंधर्वांच्या १९२० च्या दशकातल्या पदाची ‘ओरिजिनल ॲसिटेट’ कुणी दाखवली, तर ती फार तर नंतर केलेली नक्कल. त्या काळातली खरी चाचणी प्रत लाखेचीच असते, पांढऱ्या किंवा कोऱ्या लेबलची. तिच्या लेबल आणि खाचांमधल्या गुळगुळीत पट्ट्यावर मॅट्रिक्स नंबर, म्हणजे साच्याचा क्रमांक, असतो. बाजारात आलेल्या प्रतीशी तो ताडून पाहा. मूळ नंबर तोच आणि टेकचा, म्हणजे कितव्या प्रयत्नाचा, आकडा वेगळा असेल, तर कदाचित कधीच न छापलेलं गाणं तुमच्या हातात आहे. आमच्या मते खरं मोल त्याचंच.

नक्कल कानाने पकडता येते. गाणं सुरू होण्याआधीचे दोन-तीन सेकंद ऐका. लॅकरची स्वतःची खरखर कमी असते. तिथे लाखेच्या रेकॉर्डसारखी, दर फेरीला परतणारी टकटक आली, तर कुणीतरी जुनी रेकॉर्ड वाजवून लॅकरवर उतरवली आहे. पण हे दुकानात वाजवून तपासू नका. चावीच्या ग्रामोफोनची स्टीलची सुई आणि जड साउंडबॉक्स (सुई धरणारं डोकं) एका फेरीत लॅकर खरवडून काढतात.

घेताना तिरप्या उजेडात पृष्ठभाग बघा. केसासारख्या चिरा, सुटू लागलेला थर, कडेची खपली म्हणजे थर आकसतोय आणि पत्रा आकसत नाही, म्हणून तो सोलला जातोय. यावर इलाज नाही. सोललेली तबकडी दुसरी प्रत नसेल तरच घ्या, आणि खपल्या पाकिटात जपून ठेवा. पांढरी, तेलकट पूड दिसली तर ती बुरशीच असेल असं नाही. थर मऊ राहावा म्हणून घातलेलं एरंडेल कुजून बाहेर आलेलं ते मेणचट आम्ल असतं. मऊ कोरड्या ब्रशने वरवर झटका, रगडू नका.

आणताना दोन पुठ्ठ्यांत घालून उभी, एसटीत मांडीवर. वरच्या रॅकवर नाही, डिकीत तर नाहीच. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत तासभर ठेवलेल्या तबकडीचा थर खराब होऊ शकतो.

स्पिरिट, सॅनिटायझर, काच पुसायचं पाणी कधीही लावू नका. अल्कोहोल लाखही विरघळवतं आणि लॅकरही खराब करतं. धड लॅकरला डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून घट्ट पिळलेला मऊ कपडा खाचांच्या दिशेने फिरवा, लगेच कोरडा करा, लेबलवर पाणी जाऊ देऊ नका. चिरा दिसत असतील तर पाणीच नको.

वाजवायची ती एकदा, तीही मुद्रणासाठी. ७८ च्या रुंद खाचेला साधारण ७५ मायक्रॉनची सुई लागते, एलपीसारख्या बारीक खाचेला २५ च्या आसपासची. चुकीची बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी घसरते, घाण वर आणते आणि खरखर वाढवते. सुईचा तबकडीवरचा भार काट्यावर मोजून सुरुवातीला ३ ग्रॅम. सुई उडाली तरच किंचित वाढवा. काही तबकड्या आतून बाहेर वाजतात, म्हणून सुई ठेवण्याआधी खाच कुठून सुरू होते ते भिंगाने पाहा. मुद्रण २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये. गाळणी किंवा आवाज सुधारणं नंतर, प्रतीवर. मूळ फाइल तशीच दोन ठिकाणी ठेवा.

ठेवताना उभी, आम्लमुक्त कागदी पाकिटात. पीव्हीसीची पाकिटं लॅकरला चिकटतात. पत्र्याच्या खोलीत, गच्चीखालच्या माळ्यावर किंवा उन्हाच्या भिंतीला लागून कपाट नको. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४२-४३ वर जातो आणि थर जास्त झपाट्याने आकसतो. घराचा सगळ्यात गार, कोरडा कोपरा शोधा. देवघर आणि स्वयंपाकघरापासून दूर, कारण थर नायट्रेटचा, झटकन पेटणारा. हवाबंद डबाही नको: कुजताना निघणारी वाफ आत कोंडली तर तबकडी अजून लवकर खराब होते. डांबराच्या गोळ्यांऐवजी पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, वाळवीसाठी लोखंडी कपाट जमिनीपासून वीतभर उंच. लॅकर लाखेच्या रेकॉर्डपासून वेगळ्या कप्प्यात असू द्या.

पाकिटावर पेन्सिलने, तबकडी आत नसताना, लिहा: व्यास, बाजू, नंबर, भोकं किती, कुठल्या गावाहून आली, कोणत्या तारखेला वाजवली आणि कोणत्या सुईने.