ओलिसांच्या यादीपासून सुरुवात करा

उत्तर मध्ययुगातला स्कॉटलंड शिकायला येणारे बहुतेक जण स्वातंत्र्ययुद्धाचे नायक वॉलेस आणि ब्रूस यांच्यापाशीच अडकून पडतात. लढाया वाचायला मजा येते, त्यात गैर काही नाही. पण इंग्लंडने स्कॉटलंडचं स्वातंत्र्य मान्य केलं त्या 1328 च्या तहानंतरचं जवळपास दोन शतकांचं राजकारण उलगडतं ते सोयरिकी, खंडण्या आणि ओलीस यांतून. म्हणून एम.ए.ला हा विषय घेणाऱ्यांना मी सांगते, पहिलं सत्र हिशेबाच्या कागदांना द्या.

मला या विषयात ओढलं 1424 च्या ओलिसांच्या यादीने. स्कॉटलंडचा राजा पहिला जेम्स हा राजपुत्र असताना, 1406 साली फ्रान्सला जाताना भर समुद्रात पकडला गेला आणि इंग्लंडच्या कैदेत पडला. तेव्हा तो 11 वर्षांचा होता; सुटला 1424 साली. (शाहू महाराजही मुघलांच्या कैदेत साधारण तेवढीच वर्षं होते, त्यामुळे आपल्याला हे प्रकरण लगेच कळतं.) इंग्लंडने 40,000 पौंड लावले आणि तहात त्याला खंडणी न म्हणता राजाच्या राहण्याखाण्याचा खर्च म्हटलं! मुक्काम कोणाच्या मर्जीने झाला, हा प्रश्न कोणी काढला नाही. इंग्लिश राजघराण्याच्या नात्यातल्या जोन बोफर्टशी जेम्सचं लग्न झालं, हुंड्यापोटी 10,000 मर्क (हिशेबाचं एक चलन) वजा झाले. उरलेल्या पैशांसाठी स्कॉटलंडचे अर्ल, सरदार आणि त्यांचे वारस ओलीस म्हणून गेले, आणि यादीत नावापुढे वार्षिक उत्पन्न लिहिलेलं आहे. अर्गाइलचा डंकन कॅम्पबेल, 1,500 मर्क. त्या काळच्या सरदारवर्गाची ऐपत इतक्या उघडपणे दुसरीकडे क्वचितच सापडते. अर्थात हे आकडे वाटाघाटीतले आहेत, तेव्हा जरा जपूनच वापरा.

आता अशा ओलिसांतला एकच माणूस धरून पुढे जा. मॅलिस ग्रॅहम. 1427 साली राजाने त्याची स्ट्रॅथर्नची जहागीर काढून घेतली, बदल्यात मेंटीथ दिलं आणि त्याला ओलीस म्हणून इंग्लंडला धाडलं. 1437 साली पर्थमध्ये राजाचा खून झाला. मारेकऱ्यांचा म्होरक्या रॉबर्ट ग्रॅहम, मॅलिसचा काका. मॅलिस परतला तो 1453 साली, त्याला पाठवणारा राजा मरून 16 वर्षं झाल्यावर. खंडणी पूर्ण फिटली नव्हतीच. राजघराणं, सरदार आणि परराष्ट्र व्यवहार हे तीन वेगळे पेपर म्हणून शिकवले जातात, पण कागदांत ते असे एकमेकांत गुंतलेले असतात.

तारखांचं एक ध्यानात ठेवा. स्कॉटलंडमध्ये 1600 पर्यंत नवं वर्ष 25 मार्चला लागायचं. फेब्रुवारी 1437 मधला हा खून त्यांच्या हिशेबाने 1436 सालचा. मर्क म्हणजे 13 शिलिंग 4 पेन्स, आणि पंधराव्या शतकात स्कॉटिश पौंड इंग्लिश पौंडाच्या मानाने बराच उतरलेला. रक्कम कोणत्या चलनात आहे हे न पाहता तक्ता करू नका.

साधनांपैकी स्कॉटिश संसदेच्या 1707 पर्यंतच्या नोंदी इंग्रजी अनुवादासह ऑनलाइन फुकट मिळतात. ‘रोटुली स्कॉशिए’ (स्कॉटलंडविषयीची इंग्लिश सरकारी दप्तरं) मात्र लॅटिनमध्ये, तेही मूळ संक्षेपांसकट छापलेलं; पहिले पंधरा दिवस डोकं उठतं. पण त्यातले प्रवासाचे परवाने वाचाच: राजाच्या दूताचं नाव, बरोबर किती माणसं, किती घोडी, मुदत कधीपर्यंत. एक्सेलमध्ये भरत गेलात की तीच नावं पुन्हा पुन्हा दिसायला लागतात, त्यांत बिशप आणि कायदा शिकलेले पाद्री भरपूर. अ‍ॅबर्डीनचा बिशप विल्यम एल्फिन्स्टन त्यातलाच.

प्रबंधासाठी 1502 चा इंग्लंडशी झालेला तह आणि त्यातून स्कॉटलंडची राणी झालेली मार्गारेट ट्यूडर शक्यतो टाळा, त्यावर लिहून लिहून लोक दमलेत. डेन्मार्कशी ठरलेली 1468 ची सोयरीक बघा: तिसरा जेम्स आणि डेन्मार्कची राजकन्या मार्गारेट. हुंडा 60,000 फ्लोरिन (सोन्याची नाणी) ठरला. 50,000 साठी डेन्मार्कच्या राजाने ऑर्कनी बेटं स्कॉटलंडकडे गहाण ठेवली. उरलेल्या 10,000 पैकी रोख 2,000 च हातात आले, म्हणून पुढच्या वर्षी शेटलंडही गहाण. ती बेटं सुटली नाहीत ती नाहीतच. डॅनिश थोडं तरी वाचता येत असेल तर विषय तुमचाच.

नोकरीचं म्हणाल तर प्राध्यापकी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. अभिलेखागारात सूची करण्याचं काम त्या मानाने मिळतं. तिथे पहिला प्रश्न येतो, जुनं अक्षर वाचता येतं का? स्कॉटलंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे मोफत धडे आहेत, मुख्यतः 1500 नंतरच्या हस्ताक्षरांचे. ते आधी करा, मग मागे जा. आणि झेडसारखं दिसणारं अक्षर आलं की बहुतेक वेळा ते ‘य’ म्हणून वाचा.