जुने ड्रायव्हर निवृत्त करताना आणि त्यानंतर: या चुका टाळा

कर्नल म्हणजे लिनक्ससारख्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आणि ड्रायव्हर म्हणजे त्यातला एखादं उपकरण चालवणारा कोड. कर्नलमधून एखादा जुना ड्रायव्हर काढण्याचा पॅच, म्हणजे कोडमधला बदल, लिहिणं फारसं अवघड नसतं. अवघड असतं ते हे शोधणं, की तो ड्रायव्हर अजून कोणाच्या उपयोगी पडतो आहे का. मुक्त स्रोत प्रणालीकडे ग्राहकांची यादी नसते, त्यामुळे चुका दोन्ही बाजूंनी होतात. काढणारा घाई करतो किंवा वर्षानुवर्षं टाळत राहतो. आणि अपग्रेडनंतर ज्याचं यंत्र अडतं, तो भलतीकडेच दोष शोधत बसतो.

वय बघून निर्णय घेणं

ही सगळ्यात मोठी चूक. फ्लॉपीचंच बघा. 2019 मध्ये लिनक्समधला फ्लॉपी ड्रायव्हर ‘अनाथ’, म्हणजे सांभाळणारा कोणी नसलेला, म्हणून नोंदवला गेला, कारण चालू स्थितीतलं खरं हार्डवेअर मिळणंच कठीण झालं होतं. तरी तो काढला नाही. आभासी यंत्रांमध्ये फ्लॉपी कंट्रोलरची नक्कल तेव्हाही वापरात होती, आणि थोड्याच काळात त्या कोडला नवा मेंटेनर, म्हणजे सांभाळणारा, मिळालाही.

याच्या उलट उदाहरण डीआरआय-1 या जुन्या ग्राफिक्स ड्रायव्हरांचं. ते वापरणारा कोड मेसा या ग्राफिक्स लायब्ररीने 2012 मध्येच काढून टाकला होता. कर्नलमधले ड्रायव्हर मात्र 2023 मध्ये, लिनक्स 6.3 येईपर्यंत, तसेच पडून होते. वरचा अर्धा भाग गेल्यावर खालचा अर्धा इतकी वर्षं सांभाळत राहणं ही मला निव्वळ फुकट गेलेली मेहनत वाटते.

मग बघायचं काय? गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली, तिच्यातला त्या ड्रायव्हरचा इतिहास वाचा. गेल्या काही वर्षांतले सगळे बदल जर संपूर्ण कर्नलभर एकसारख्या केलेल्या दुरुस्त्या असतील, आणि प्रत्येकाखाली ‘फक्त कंपाइल करून पाहिलं’ असा शेरा असेल, तर प्रत्यक्ष हार्डवेअरवर तो कोड कोणीच चालवून पाहिलेला नाही. उलट तीन वर्षांपूर्वीचा एकच बग-अहवाल, पण खऱ्या यंत्रावरचा, हा वापरकर्ता असल्याचा पुरावा असतो. तो आधी तपासा आणि त्या माणसाला विचारा.

‘कोणी वापरत नाही, मग राहू दे की’

न वापरलेला कोड निरुपद्रवी असतो हा समज महागात पडतो. एन-एचडीएलसी हा सिरियल जोडण्यांसाठीचा कर्नल मॉड्यूल (गरजेप्रमाणे लोड होणारा कर्नलचा तुकडा) बहुतेकांना नावानेही ठाऊक नव्हता. 2009 मध्ये त्यात शिरलेला एक दोष 2017 मध्ये उघडकीस आला. कोणताही विशेष अधिकार नसलेला साधा वापरकर्ता तो मॉड्यूल आपोआप लोड करवून घेऊ शकत होता, आणि दोषाचा फायदा घेऊन थेट रूटचे, म्हणजे यंत्रावरचे सर्वोच्च, अधिकार मिळवू शकत होता. म्हणजे ते हार्डवेअर यंत्रात नसलं तरी धोका होताच. म्हणून काढून टाकण्याबाबत एकमत होत नसेल, तर निदान तो ड्रायव्हर डिफॉल्ट कॉन्फिगरेशनमधून तरी बंद करा.

सूचना चुकीच्या जागी देणं

विकासकांच्या चर्चेत जाहीर केलं म्हणजे सूचना झाली, असं होत नाही. ज्याच्या यंत्रात ते कार्ड आहे तो ही चर्चा वाचतच नाही. फ्रीबीएसडी या दुसऱ्या मुक्त स्रोत प्रणालीची पद्धत मला फार पटते. जुना ड्रायव्हर लोड झाला, की तो अमुक आवृत्तीत काढला जाणार आहे असा इशारा कन्सोलवरच छापला जातो. 10/100 इथरनेट कार्डांचे अनेक ड्रायव्हर त्यांनी असे आधी सांगून 13व्या आवृत्तीत काढले, आणि ज्यांचा वापर दिसून आला ते ठेवले.

काढण्याची वेळही महत्त्वाची. रायझरएफएस ही फाइल सिस्टिम आहे, हार्डवेअर ड्रायव्हर नव्हे, पण तिची निवृत्ती अभ्यासण्यासारखी आहे. 2022 मध्ये ती जाणार असं जाहीर झालं आणि 6.13 मध्ये ती गेली. त्याआधीची 6.12 ही दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती आहे, म्हणून डेटा हलवायला लोकांना सवड मिळाली.

पॅच पाठवण्याआधी केकॉन्फिगमधली (कर्नलच्या पर्यायांची यादी) अनाथ नावं, डीफकॉन्फिगमधल्या (तयार कॉन्फिगरेशन फाइली) नोंदी आणि मेंटेनर्स फाइलमधला परिच्छेद साफ करा. यूएपीआय हेडरला, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामांसाठी ठेवलेल्या व्याख्यांच्या फाइलींना, मात्र विचार न करता हात लावू नका. बाहेरचे प्रोग्राम ते घेऊन कंपाइल होतात.

अपग्रेडनंतर ‘कार्ड मेलं’ असं ठरवणं

आता दुसरी बाजू. अपग्रेड केलं आणि नेटवर्क किंवा डिस्क दिसेनाशी झाली, तर नवं कार्ड मागवण्याआधी ग्रब या बूटलोडरच्या मेनूतून जुना कर्नल निवडून बूट करा. तिथे चाललं तर हार्डवेअर ठीक आहे.

मग एलएसपीसीआय ही कमांड ‘एनएनके’ पर्यायांसह (lspci -nnk) चालवा. उपकरणाचा ओळख क्रमांक आणि वापरात असलेला ड्रायव्हर दोन्ही कळतात. ही माहिती जुन्या कर्नलवर घेऊन लिहून ठेवा, कारण नव्यावर ड्रायव्हरचं नाव दिसणारच नाही.

यानंतर ड्रायव्हर खरंच काढला गेला आहे का ते पाहा. पुष्कळदा तो फक्त वेगळ्या पॅकेजमध्ये गेलेला असतो. फेडोरात ‘कर्नल-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा’ आणि उबुंटूत ‘लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा’ हे पॅकेज टाकलं की काम भागतं.

फसवा प्रकार वेगळाच आहे: मॉड्यूल जागेवर असतो, लोडही होतो, पण उपकरण दिसत नाही. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या 8व्या आवृत्तीत काही जुन्या RAID आणि एसएएस डिस्क कंट्रोलरांच्या बाबतीत असंच झालं. ड्रायव्हर ठेवला, पण त्यातून जुन्या कार्डांचे ओळख क्रमांक वगळले. मग इन्स्टॉलरला डिस्कच सापडेना. अशा वेळी मॉडइन्फो (modinfo) ही कमांड चालवून आपल्या कार्डाचा क्रमांक ड्रायव्हरच्या यादीत आहे का ते तपासा. नसेल तर ईएलरेपो या रेड हॅटसाठीच्या बाहेरच्या पॅकेज-भांडाराकडे त्या कार्डासाठी वेगळा ड्रायव्हर आहे का ते बघा.

डिस्कच्या नावांचा घोळही आठवणीत ठेवा. जुना आयडीई ड्रायव्हर 2021 मध्ये, 5.14 आवृत्तीत, गेला. त्याची जागा लिबएटीए या नव्या ड्रायव्हर-संचाने घेतली, आणि ‘एचडीए’ म्हणून दिसणारी डिस्क ‘एसडीए’ झाली. एफस्टॅब (कोणती डिस्क कुठे जोडायची याची फाइल) आणि बूटच्या ओळीत जुनं नाव असेल तर यंत्र बूट होणार नाही, डिस्क मात्र शाबूत असते. तिथे नावाऐवजी यूयूआयडी, म्हणजे न बदलणारा ओळख क्रमांक, लिहा आणि नवा मॉड्यूल इनिटरॅमएफएसमध्ये, म्हणजे बूट होताना आधी लोड होणाऱ्या फाइल-संचात, आहे याची खात्री करा.

हे सगळं करून ड्रायव्हर खरोखर गेल्याचंच दिसलं, तर नुसती तक्रार नोंदवू नका. उपकरणाचा ओळख क्रमांक, शेवटचा चालणारा कर्नल आणि मुख्य म्हणजे ‘माझ्याकडे हे हार्डवेअर आहे, मी पॅच तपासून देईन’ हे वाक्य पाठवा. काढलेला कोड गिटच्या इतिहासात असतोच, पण आजूबाजूचे अंतर्गत इंटरफेस पुढे सरकत राहतात. जितका उशीर, तितकं परत जोडणं कठीण.