बंदुकीचा परवाना आहे? मग या चुका टाळा

बेळगाव सीमाभागात, कर्नाटकातले खानापूर ते महाराष्ट्रातले चंदगड या पट्ट्यात गावोगावी माजी सैनिक आहेत आणि पुष्कळ घरांत परवान्याची बाराबोर नाहीतर ठासणीची बंदूक आहे. त्यात वावगे काही नाही. पण परवाना आला म्हणजे भांडणात आपले वजन वाढले, असे समजणारी माणसे बघून जीव विटलाय.

सगळ्यांत वाईट चूक म्हणजे भांडणातून घरी जाऊन बंदूक घेऊन येणे. खानापूर तालुक्यातल्या एका गावात बांधावरून जुंपली. शेजाऱ्याचा नांगर हातभर आत आला होता. शब्दाने शब्द वाढला, शेजाऱ्याच्या पोराने खोरे उगारले. आमचा माणूस तिथून सुटला, घरी पोचला, बंदूक काढली आणि परत बांधावर गेला. "नुसती दाखवली, बार काढला नाही," असे तो आजही सांगतो. खोरे उगारले तेव्हा त्याला स्वसंरक्षणाचा पुरा हक्क होता. पण घरी सुखरूप पोचल्यावर तो हक्क उरला नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम ३७ सांगते, सरकारी यंत्रणेकडे दाद मागायला वेळ असेल तर हा हक्क नाही; आणि हक्क असला तरी गरजेपुरतेच बळ वापरायचे. गुन्हा त्याच्यावर दाखल झाला, बंदूक जप्त झाली, परवानाही गेला. पुढे मोजणी झाली तेव्हा तो बांध त्याचाच निघाला! मोजणीचा अर्ज आधी दिला असता तर?

अचानक कोणी अंगावर आले तर पळूनच जा, असे कायदा म्हणत नाही. पण निघता येत असेल तर निघावे, हे माझे ठाम मत. बांधावर जाताना मी हत्यार नेत नाही. आवाज चढले की दोन पावले मागे सरतो, "मामा, उद्या सर्व्हेअरला बोलावू," म्हणतो आणि गावातल्या जाणत्याला फोन लावतो. तरीही ऐकले नाही तर ११२. नव्या परवानाधारकांना हे बावळटपणाचे वाटते. वाटू दे. कोर्टात स्वसंरक्षण होते हे दाखवायची जबाबदारी आरोपीवरच असते.

पंपाच्या मोटारीची केबल चोरून पळणाऱ्यावर बार काढू नका. साध्या चोरीसाठी जीव घेण्याचा हक्क न्याय संहितेचे कलम ४१ देत नाही. रात्री घर फोडून आत शिरणाऱ्याची गोष्ट वेगळी, पण तिथेही गरजेपुरतेच.

भीमगड अभयारण्याच्या कडेला गवा किंवा डुक्कर अंगावर आले आणि जीव वाचवताना मारले गेले, तर वन्यजीव कायद्याचे कलम ११ पाठीशी आहे. भातात चरणाऱ्या डुकराला हा बचाव लागू नाही. मेलेले जनावर सरकारचे, त्याला हात लावू नका.

वरातीत बार काढणे हा निव्वळ मूर्खपणा. २०१९ पासून त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे, दोन्हीही होऊ शकतात.

एसटीत, दुकानाच्या पाटीवरून मराठी-कन्नड भाषेचा वाद पेटला तर परवानाधारकाने तिथे थांबूच नये. १ नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटक राज्योत्सव आणि मराठी भाषकांचा काळा दिवस, बंदूक कपाटाबाहेर काढू नका.

काडतुसे आणि बंदूक वेगवेगळ्या कुलपात ठेवा.

आणि परवान्यावरचे क्षेत्र वाचा. फक्त कर्नाटक लिहिले असेल तर शिनोळीजवळची राज्याची सीमा ओलांडून चंदगडच्या पाहुण्यांकडे बंदूक नेता येत नाही. क्षेत्र वाढवून हवे असेल तर बेळगाव शहरात पोलीस आयुक्तांकडे, बाकी जिल्ह्यात डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसात अर्ज द्या आणि मंजुरी हातात पडेपर्यंत बंदूक घरीच ठेवा.