स्टोअरवाल्यांचा मेल कंपनीच्या आतच ठेवायचाय? पोस्टफिक्समध्ये असं करा

मालकांनी एका सोमवारी केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, स्टोअर आणि शॉप फ्लोअरच्या पोरांना मेल आयडी देऊन टाका, पण त्यांचा मेल कंपनीबाहेर जाता कामा नये आणि बाहेरचा त्यांना येता कामा नये. मी म्हटलं होऊन जाईल, अर्ध्या तासाचं काम आहे. सेटिंग खरंच अर्ध्या तासात झालं, पण मेल कुठून कुठून निसटतो ते शोधण्यात पुढचे पंधरा दिवस गेले, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवतोय.

आमचा सर्व्हर लिनक्सवरचा, पोस्टफिक्स (मेल घेणारा-पाठवणारा प्रोग्राम) आणि डव्हकॉट (मेलबॉक्स सांभाळणारा). झिंब्रा हे तयार मेल पॅकेज असेल तरी आत पोस्टफिक्सच असतो, फक्त तिथे फाईली हाताने बदलल्या तर अपग्रेडच्या वेळी उडतात, त्यामुळे काय बदललं ते वहीत लिहून ठेवा. आणि हो, सेटिंगची नावं मी इथे देवनागरीत देतोय, फाईलमध्ये ती इंग्रजीत, सगळी लहान अक्षरांत आणि शब्दांच्या मधे अंडरस्कोर देऊन टाकायची.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, "बाहेर जाऊ नये" आणि "बाहेरून येऊ नये" ही दोन वेगळी कामं आहेत, दोघांचे नियम वेगळे. बरेच जण पहिलं करतात आणि झालं म्हणून सोडून देतात.

पोस्टफिक्समध्ये याला रिस्ट्रिक्शन क्लास म्हणतात. म्हणजे काय, तर दोनचार नियमांची मोट बांधून तिला एक नाव द्यायचं आणि मग यादीत माणसाच्या पुढे ते नाव लिहायचं. मेन डॉट सीएफ फाईलमध्ये 'एसएमटीपीडी रिस्ट्रिक्शन क्लासेस' अशी ओळ टाकून तिथे क्लासची नावं जाहीर करावी लागतात, मी 'लोकल ओन्ली' आणि 'इनसायडर्स ओन्ली' अशी दोन ठेवली. ही ओळ विसरलात तर पोस्टफिक्सला ते नाव कळत नाही आणि समोरच्याला ४५१ सर्व्हर कॉन्फिगरेशन एरर जाते, मग सगळी कंपनी तुमच्या टेबलापाशी.

आता माणसांची यादी. इंटरनेटवर जिथे तिथे सांगतात की 'चेक सेंडर अॅक्सेस' वापरा, म्हणजे पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून ओळखा. मीही तेच केलं होतं. तिसऱ्याच दिवशी स्टोअरमधल्या एकाने थंडरबर्ड या मेल प्रोग्राममध्ये स्वतःच्या नावाच्या जागी पर्चेसचा पत्ता टाकला आणि मेल आरामात जीमेलवर गेला, लॉगिन त्याचंच, पासवर्ड त्याचाच, फक्त फ्रॉममध्ये दुसऱ्याचा पत्ता. पोस्टफिक्स फ्रॉम बघत होता, आणि तिथे काय लिहायचं ते तर पाठवणाराच ठरवतो ना. त्यामुळे यादी लॉगिनवर लावा. पोस्टफिक्स २.११ पासून 'चेक एसएएसएल अॅक्सेस' नावाचा नियम आहे (एसएएसएल म्हणजे लॉगिन तपासायची पद्धत), तो माणूस कुठल्या युजरनेमने आत आला ते बघतो. यादीत प्रत्येक ओळीवर लॉगिन नाव, मग स्पेस, मग 'लोकल ओन्ली'. लॉगिन पूर्ण ईमेल पत्त्याने होत असेल तर पूर्ण पत्ता लिहा, नुसत्या नावाने होत असेल तर नुसतं नाव, लॉगमध्ये 'एसएएसएल युजरनेम' म्हणून जे दिसतं ते जसंच्या तसं. जोडीला 'रिजेक्ट सेंडर लॉगिन मिसमॅच' पण लावा म्हणजे दुसऱ्याच्या नावाने पाठवणंच बंद, पण त्यासाठी कोणता पत्ता कोणाचा हा मॅप आधी बनवावा लागतो.

यादीची फाईल हॅश प्रकारची (म्हणजे पटकन शोधण्यासाठी डेटाबेस बनवलेली) असेल तर प्रत्येक बदलानंतर पोस्टमॅप कमांड चालवायची, नाहीतर पोस्टफिक्स जुनीच यादी वाचत बसतो. तुमच्या सर्व्हरवर हॅश चालतं की एलएमडीबी (तसाच दुसरा प्रकार) ते 'पोस्टकॉन्फ हायफन एम' दिल्यावर दिसतं.

आता 'लोकल ओन्ली' क्लासमध्ये काय लिहायचं? 'चेक रिसिपियंट अॅक्सेस' आणि पुढे एक रेगएक्स्प फाईल (पत्ता कुठल्या साच्यात बसतो ते सांगणारी). त्या फाईलमध्ये दोनच ओळी. पहिली, पत्ता आपल्या डोमेनने संपत असेल तर 'डन्नो'. दुसरी, बाकी काहीही असेल तर 'रिजेक्ट' आणि पुढे आपला मेसेज. इथे तीन बारीक गोष्टी आहेत. पहिलं म्हणजे ओके लिहू नका, डन्नो लिहा. ओके म्हटलं की पोस्टफिक्स त्या नियमांच्या यादीतले पुढचे सगळे नियम सोडून देतो, डन्नो म्हणजे "माझं काही म्हणणं नाही, पुढे जा". दुसरं, डोमेनच्या शेवटी डॉलरचं चिन्ह पाहिजेच, ते नसेल तर आमचीकंपनी डॉट इन डॉट काहीतरी डॉट कॉम असला पत्ताही आतलाच समजला जातो. आणि डोमेनमधल्या टिंबाआधी उलटा स्लॅश द्या, कारण रेगएक्स्पमध्ये नुसतं टिंब म्हणजे कुठलंही अक्षर. मेसेज मात्र माणसाला कळेल असा लिहा, "तुमच्या आयडीवरून बाहेर मेल जात नाही, आयटीला एक्स्टेन्शनवर फोन करा" असा. आधी मी नुसतं रिजेक्ट लिहिलं होतं तर लोकांना ५५४ अॅक्सेस डिनाइड दिसायचं आणि प्रत्येकाला वाटायचं की सर्व्हर बंद पडलाय.

आता सगळ्यात महत्त्वाचं, क्रम. मेन डॉट सीएफमधली 'एसएमटीपीडी रिसिपियंट रिस्ट्रिक्शन्स' ही नियमांची यादी पोस्टफिक्स डावीकडून उजवीकडे वाचतो आणि पहिला ठाम निकाल मिळाला की थांबतो. बहुतेक सर्व्हरवर तिथे पहिलाच शब्द 'परमिट मायनेटवर्क्स' (आपल्या नेटवर्कमधल्या आयपींना परवानगी) आणि दुसरा 'परमिट एसएएसएल ऑथेंटिकेटेड' (लॉगिन केलेल्यांना परवानगी) असतो. तुम्ही तुमचा नियम (वरचा 'चेक एसएएसएल अॅक्सेस') त्यांच्या मागे लावला की संपलं, लॉगिन केलेल्या माणसाला आधीच परमिट मिळालेलं असतं, तुमच्या नियमापर्यंत गाडी येतच नाही. नियम या दोन्हींच्या आधी टाका. घाबरू नका, पोस्टफिक्स २.१० पासून रिले (म्हणजे आपल्या सर्व्हरमार्फत बाहेर मेल पाठवणं) कोणाला करू द्यायचं त्याची 'एसएमटीपीडी रिले रिस्ट्रिक्शन्स' ही वेगळी यादी आहे, ती जागेवर असेल तर इथे थोडं इकडचं तिकडं झालं तरी सर्व्हर ओपन रिले (कोणालाही मेल पाठवू देणारा) होत नाही. त्याच्या आधीचं व्हर्जन असेल तर मात्र 'रिजेक्ट अनऑथ डेस्टिनेशन' (परक्या पत्त्यांचा मेल नाकारणारा नियम) च्या आधी कुठेही ओके पडू देऊ नका.

एवढं करूनही नियम लागत नाहीये? मग मास्टर डॉट सीएफ उघडा. ५८७ पोर्टच्या सबमिशन सर्व्हिसखाली (आपली माणसं मेल पाठवतात ती वाट) 'हायफन ओ' ने सुरू होणाऱ्या ओळी असतात, त्या मेन डॉट सीएफला ओव्हरराइड करतात. तिथे रिसिपियंट रिस्ट्रिक्शन्स वेगळ्या लिहिल्या असतील तर तुमचा नियम फक्त २५ वर (सर्व्हर-सर्व्हरमधला पोर्ट) लागतोय आणि लोक पाठवतायत ५८७ वरून! माझी एक अख्खी दुपार यात गेली. ४६५ पोर्ट चालू असेल तर तिथेही तेच बघा.

वेबमेलचं पण बघून घ्या. राउंडक्यूब (ब्राउझरमध्ये मेल दाखवणारा प्रोग्राम) त्याच सर्व्हरवर असेल तर तो १२७.०.०.१ वरून, म्हणजे सर्व्हरच्या स्वतःच्याच पत्त्यावरून येतो, आणि त्याच्या एसएमटीपी सेटिंगमध्ये युजरचं लॉगिन पाठवत नसाल तर पोस्टफिक्सला तो कोण ते कळतच नाही. तसंच अख्खं ऑफिसचं नेटवर्क मायनेटवर्क्समध्ये टाकलेलं असेल तर लॉगिन न करताच मेल जातो. तिथे फक्त स्कॅनर आणि ईआरपी सर्व्हरचे आयपी ठेवा, बाकी काढा.

बाहेरून येणाऱ्या मेलसाठी दुसरी यादी, यात मेल पत्ते आणि पुढे 'इनसायडर्स ओन्ली'. ती 'चेक रिसिपियंट अॅक्सेस' ने लावायची. क्लासमध्ये मी 'परमिट मायनेटवर्क्स', 'परमिट एसएएसएल ऑथेंटिकेटेड' आणि शेवटी 'रिजेक्ट' एवढंच ठेवलंय. पाठवणाऱ्याचं डोमेन आपलं आहे का हे इथेही बघू नका, बाहेरचा स्पॅमवाला आपलं डोमेन फ्रॉममध्ये सहज टाकतो.

हे चालू केलं महिन्याच्या २८ तारखेला. पाच तारखेला स्टोअरचे सुपरवायझर आले, "साहेब, पगाराची स्लिप नाही आली कोणाचीच." पेरोल बाहेरच्या एजन्सीकडे, स्लिपा त्यांच्या सर्व्हरवरून येतात, आणि आमचा सर्व्हर इमानेइतबारे एकेक स्लिप परत पाठवत होता. त्यांचा पत्ता अपवादात टाकला, म्हणजे क्लासमध्ये रिजेक्टच्या आधी एक छोटी 'चेक सेंडर अॅक्सेस' यादी. (हा पत्ता पण कोणी खोटा टाकू शकतो, मान्य, पण इथे तेवढं मी चालवून घेतलं.) तुम्ही आधीच एचआरला विचारा की या लोकांना बाहेरून काय काय येतं.

आता चोरवाटा. पोस्टफिक्स नियम तपासतो तो मेल घेताना, आणि ग्रुपचा पत्ता उलगडतो नंतर. म्हणजे 'डिस्पॅच' नावाच्या ग्रुपमध्ये ट्रान्सपोर्टरचा जीमेल पत्ता असेल तर स्टोअरच्या माणसाने ग्रुपला पाठवलेला मेल बाहेर जाणारच, कारण त्याने तर आतल्याच पत्त्याला पाठवलाय. एलियास आणि व्हर्च्युअल फाईली (ग्रुप तिथेच लिहिलेले असतात) उघडून बाहेरचे पत्ते शोधा. दुसरी वाट म्हणजे सीव्ह फिल्टर (आलेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारे नियम), वेबमेलमधून माणूस स्वतःच फॉरवर्ड लावतो. डव्हकॉटमध्ये 'सीव्ह मॅक्स रीडायरेक्ट्स' शून्य केलं की रीडायरेक्ट बंद, पण हे पिजनहोल (डव्हकॉटचा सीव्ह चालवणारा भाग) ०.३.० पासून पुढे, त्याआधीच्या व्हर्जनमध्ये शून्य म्हणजे कितीही करा, एकदम उलटं! व्हर्जन बघूनच हात लावा.

आणि एक तक्रार हमखास येणार, "आतला मेल पण जात नाहीये." बघायला जावं तर त्याने रिप्लाय ऑल केलेला असतो आणि सीसीमध्ये एक व्हेंडर बसलेला असतो. सर्व्हर फक्त त्या एका पत्त्याला नाही म्हणतो, पण बरेच मेल प्रोग्राम मग अख्खा मेलच पाठवत नाहीत. याला सर्व्हरवर इलाज नाही, लोकांना सांगून ठेवा.

टेस्टिंग थेट लाइव्हवर करू नका. नियमाच्या आधी 'वॉर्न इफ रिजेक्ट' हा शब्द टाकला की पोस्टफिक्स अडवत नाही, फक्त लॉगमध्ये 'रिजेक्ट वॉर्निंग' लिहितो. दोनतीन दिवस तसंच ठेवून लॉग वाचा, डेबियन उबुंटूवर मेल डॉट लॉग, रेडहॅट घराण्यात मेललॉग. स्लिपांचा घोळ मला तिथेच दिसला असता, पण मी ते महिनाअखेरीच्या आत उरकलं ना, आणि तेव्हा स्लिपा येतच नाहीत. म्हणून पगाराची तारीख मधे येईल असं बघा. यादीत नाव नीट सापडतंय का ते 'पोस्टमॅप हायफन क्यू' ने विचारता येतं. मग वॉर्न काढा आणि पोस्टफिक्स रीलोड.

सर्व्हर स्वतःचा नसेल तर काम सोपं आहे. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये एक ग्रुप बनवा, एक्स्चेंज अॅडमिन सेंटरमध्ये मेल फ्लो, तिथे रूल्स, पाठवणारा या ग्रुपचा आणि घेणारा संस्थेबाहेरचा असेल तर कारण देऊन रिजेक्ट, आणि उलट दिशेचा दुसरा रूल. गूगल वर्कस्पेसमध्ये त्या लोकांचं वेगळं ऑर्गनायझेशनल युनिट करा, जीमेलच्या कम्प्लायन्स सेटिंगमध्ये 'रिस्ट्रिक्ट डिलिव्हरी' आहे, तिथे परवानगीचे पत्ते किंवा डोमेन टाका आणि आतल्या मेलना सूट देण्याची टिक करा, नाहीतर आपापसातले मेलही त्या यादीतून चाळले जातील. गूगलवर बदल लागू व्हायला २४ तासांपर्यंत लागू शकतात, तेव्हा सेव्ह केल्यावर पाच मिनिटांनी टेस्ट करून चालत नाही म्हणत परत सगळं उलटसुलट करत बसू नका.