पेटीतून घरी आलेल्या बाळाला झोपवायचं कसं

कमी दिवसाचं बाळ दवाखान्यातल्या काचेच्या पेटीतून (इनक्युबेटर) घरी आलं की पहिल्याच रात्री घोळ होतो, कारण दवाखान्यात सिस्टर त्याला पालथं झोपवायच्या, बाजूला कापडाच्या गुंडाळ्या लावायच्या, आणि आजीनं ते काचेतून बघितलेलं असतंय. मग ती म्हणते, घरी पण तसंच करूया. नको. तिथं पालथं ठेवतात कारण कमी दिवसाच्या बाळाला तसा श्वास घ्यायला सोपं जातंय, आणि अंगाला मॉनिटर असतोय, ऑक्सिजन जरा उतरला की तो बोंबलतो. घरी बोंबलणारं कोण नाही. म्हणून घरी दुपारची डुलकी असू दे नाहीतर रात्र, बाळ उताणंच झोपवायचं.

१. डिस्चार्जच्या आधी
सिस्टरना म्हणा, उताणं झोपवून दाखवा, आणि त्यावेळी आजीला पुढं उभं करा. बेळगावच्या दवाखान्यात डॉक्टर काय म्हणाले ते खानापूरच्या घरात सुनेनं सांगून कोण ऐकत नाही, सिस्टरनी कन्नडात सांगितलं तरी आजी ऐकते. उताणं झोपलं तर दूध घशात अडकेल ही भीती सगळ्यांनाच असते, पण उताणं असताना श्वासनळी वर आणि अन्ननळी खाली राहते, आलेलं दूध श्वासनळीत जायला चढावं लागतं. अमेरिकेत १९९४ पासून उताणं झोपवायची मोहीम चालवली, नंतरच्या काही वर्षांत झोपेत अचानक दगावणारी बाळं जवळपास निम्मी झाली.

२. अंथरूण
सपाट, घट्ट गादी, ताणून घातलेली चादर, बस्स. उशी, लोड, सैल दुपटं, खेळणं काही नको. मोहरीची उशी पण नको! डोकं गोल व्हायला बाळ जागं असताना थोडा वेळ पालथं घाला आणि समोर बसून रहा. साडीच्या झोळीत हनुवटी छातीला टेकते आणि एवढ्याशा जिवाचा श्वास कोंडतो, तेव्हा झोका देऊन शांत केलं तरी झोप लागली की काढून सपाट ठेवायचं. बाळ आईच्याच खोलीत, हाताच्या अंतरावर, पण अंथरूण वेगळं, निदान ६ महिने. सोफ्यावर बाळ छातीवर घेऊन डुलकी काढणं तर सगळ्यात वाईट.

३. ऊब
पावसाळ्यात आपल्याकडं घर गारठतं, मग बाळंतिणीच्या खोलीत दारं लावून शेगडी आणि ओवा-शेपाची धुरी. इथं आजीशी भांडण झालं तरी चालेल, कारण बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू साठतो, त्याला वास पण नसतो. विडी-सिगारेट पण घराबाहेर, तंबाखूच्या निपाणीकडच्या मंडळींनी राग मानू नये. ऊब पाहिजे तर आईनं जागं राहून कांगारू पद्धतीनं उघड्या छातीशी धरावं. टोपी किती दिवस ते वजन बघून डॉक्टर सांगतील. पोट-पाठ हात लावून बघा, घाम असेल तर एक कपडा काढा.

४. रात्र
डॉक्टरांनी २-३ तासांनी पाजायला सांगितलंय तर झोपलेलं असलं तरी उठवायचं, झोपू दे बिचारं असं म्हणायचं नाही. पेटीजवळ दिवसरात्र लाईट आणि आवाज होता, त्यामुळं दिवसा खिडकी उघडी, रात्री अंधार आणि बोलणं कमी, सवय हळूहळू लागते. शेजारचं बाळ रात्रभर झोपतंय म्हणून तुलना करू नका, २ महिने आधी जन्मलेलं बाळ ४ महिन्याचं झालं तरी झोपेच्या हिशोबात २ महिन्याचंच धरायचं. आशाताई घरी आल्या की झोपायची जागा दाखवा.

५. घाबरायचं कधी
झोपेत कुंथणं, अंग ताणणं, ५-१० सेकंद श्वास थांबून परत सुरू होणं कमी दिवसाच्या बाळात दिसतं. पण २० सेकंद थांबला, ओठ निळे पडले, छाती आत ओढली जाते, अंग गार पडलंय, पाजायला उठतच नाही, तर फोनवर कुणाला विचारत बसू नका, १०८ लावा.